स्टार्टर

इस्पितळातल्या बाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं होतं:
मंगळवार, साडेसहा, म्हापसा, चर्चच्या शाळेमागची वरची खोली.
म्हापसा बरं पडतं. डिचोलीत मला कुत्रीसुद्धा ओळखतात.

चिठ्ठी तीन महिने पाकिटात, लायसन्सच्या मागे.
घामाने मंगळ पुसला गेला,
नुसता वार राहिला.

पहिल्या खेपेला बाजारात चणे घेतले,
कदंबाच्या स्टँडवर बसून संपवले
आणि परत.
दुसऱ्या खेपेला शाळेच्या फाटकापर्यंत.
वॉचमन म्हणाला, कोण पाहिजे?
म्हटलं, मीटर बघायला आलोय, वीज खात्यातून.
त्याने खरंच मीटर दाखवला.
मी खरंच वाचला. आकडा अजून पाठ आहे.

तिसऱ्या खेपेपर्यंत मार्च लागला होता,
बोंडूंचा आंबूस वास डोंगरावरून गावात उतरलेला,
आणि कायतानच्या दाराला खडूने लिहिलेलं: उर्राक आली.
म्हणजे मी कुठे गेलो ते सांगायला नको.
दोन घेतले.
तिसरा मागितला तेव्हा कायतान फडक्याने हात पुसत म्हणाला,
जे कागद काढून वाचतात आणि पुन्हा घडी घालतात
ते सगळे तिकडचेच असतात.
फाटकातून जाऊ नको. बेकरीची गल्ली, मागे लोखंडी जिना.
म्हटलं, तोंडाला वास येतोय.
येऊ दे, म्हणाला. तिथे तो कुणाला नवा नाही.
तिसऱ्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.
तिसरा दिलाही नाही.

वर पहिलीचा वर्ग. इवली इवली बाकं,
त्यांवर सात मोठी माणसं, गुडघे छातीशी.
फळ्यावर नवाचा पाढा सत्तेपर्यंत येऊन थांबलेला.

आमच्याकडे माणूस भेटला की आधी विचारतात,
तूं खंयचो? मग, कोणालो?
मग देऊळ कुठलं, वाडा कुठला,
आजोबाने कुणाची माडांची बाग लाटली इथपर्यंत.
इथे कुणी काही विचारलं नाही.
नाव सांग, पुरे.
रोहिदास, म्हणालो,
शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखं.

मिंगेल जहाजावर आचारी होता.
बाटल्यांना कुलूप लागलं तेव्हा
केकमध्ये घालायचं व्हॅनिला प्यायला त्याने, खोकंभर.
महिनाभर म्हणे वाढदिवसासारखा वास येत होता.
सगळे हसले. मीही हसलो.
मग माझं थांबेना,
मग ते हसू उरलं नव्हतं.

पियेदाद बाय, शिवणकाम करणाऱ्या, सत्तरीच्या,
काळ्या चहात चार चमचे साखर घालून कप पुढे करतात.
पी. सुरुवातीला गोड लागतं अंगाला.

मी अजून सांगितलेलं नाही
की खांबावर हात थरथरला म्हणून मला खाली उतरवलंय,
अकरा महिने तक्रारींच्या फोनवर बसतोय.
वीज कधी येणार? येईल.
कधी? येईल, बाय, येईल.
आणि सुलक्षा, बायको, आता भांडतही नाही,
माझ्या शेजारून जाताना
फक्त श्वास रोखून धरते.
सांगेन. बाक सवयीचा होऊ दे.

जिन्यावरची ट्यूब मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती.
फडफड, फडफड, अंधार, परत फडफड.
सातजण रोज खाली बघून पायऱ्या उतरायचे,
कुणी वर बघितलंच नाही.
पाचव्या मंगळवारी खिशात स्टार्टर घेऊन गेलो.
बाक बाहेर ओढला. पियेदाद बायनी टॉर्च धरला,
तोही हलत होता.
दोनदा स्टार्टर खाचेत बसला नाही.
वर कुणी बोलेना. खाली बेकरीत पाव निघाल्याची सायकल वाजली.
तिसऱ्यांदा बसला, फिरवला.

जिना गल्लीच्या तोंडापासून दिसायला लागला,
कायतानच्या दारातूनही दिसत असणार.

पण ती ट्यूब जुनी आहे. कडा काळवंडल्यात.
पुढल्या मंगळवारी परत मिचकावली
तर चोक बघायला हवा.